फीत क्रमांक सतरा, बाजू दुसरी

याकुत्स्कमध्ये जानेवारीत
श्वास तोंडाबाहेर पडतो आणि तिथेच उभा राहतो.
बस दिसत नाही, नुसता तिचा खोकला ऐकू येतो.
भाषाशास्त्र विभाग तिसऱ्या मजल्यावर.
रेडिएटर इतका तापतो की विद्यार्थी
बुटांतले नमदे त्यावर वाळत घालतात
आणि ध्वनिशास्त्राच्या तासाला
सगळ्या स्वरांना ओल्या लोकरीचा वास येतो.

तुयारा चौथ्या वर्षाला.
शिष्यवृत्ती दोन महिने अडलेली, म्हणून
हे काम पत्करलं: झिमिनसरांच्या जुन्या फिती ऐकायच्या,
सेकंदासेकंदाला खूण करून उतरवायच्या.
तासाचे किती मिळतात, ते विचारू नका.

झिमिनसर जाऊन वीस वर्षं झाली.
एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ते बोटीने
उत्तरेच्या एका वस्तीवर उतरले होते.
बत्तीस घरं, एक भाषा.
(तिचं नाव लिहीत नाही. बोलणारे आता
एका बसमध्ये मावतील, आणि बस भरणार नाही.)
त्यांनी तिचं व्याकरण लिहिलं, हिरव्या कापडी बांधणीचं.
पान एकशे चार: सर्वनामांचा तक्ता.
सहा घरं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते.
वार्वारा सेम्योनोव्ना, त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनी,
तीस वर्षं तो तक्ता फळ्यावर काढतायत,
पट्टी न घेता, एकही रेघ वाकडी नाही.

फितीवर सर विचारतात,
"आम्ही मासे वाळवतो" कसं म्हणाल?
अक्सिन्या नावाची बाई सांगते.
"पुन्हा."
ती पुन्हा सांगते.
"पुन्हा. सावकाश."
मागे कुत्रा. कुणीतरी लाकूड फोडतंय.
तुयारा लिहिते: कुत्रा. लाकूड.

मग सतराव्या फितीची दुसरी बाजू.
सर उठतात, बहुधा लघवीला. दार वाजतं.
यंत्र चालूच राहतं.
सव्वाचार मिनिटं कुणी कुणाला काही विचारत नाही.
एक मूल रडू लागतं.
अक्सिन्या त्याला समजावते
(तुयाराने ते अकरा वेळा मागे नेऊन ऐकलं)
की हा चष्मेवाला गेला ना,
की मग मासे खायला जाऊ...
कोण जाऊ?
तो शब्द तक्त्यात नाही.

तिने मला विचारलं, कारण मी मराठी,
आणि तिला ठाऊक होतं, आमच्याकडे दोन असतात.
रशियनमध्ये एकच: "मी".
ऐकायला अगदी आपल्या मीसारखा,
अर्थाने मात्र सगळ्यांचा, आतलं-बाहेरचं न बघणारा.
मी म्हटलं, आम्ही म्हणजे तुला सोडून.
आपण म्हणजे तुला धरून.
ती हेडफोन गळ्यात टाकून बसून राहिली.

बावीस फिती, तीन उन्हाळे,
आणि त्या माणसाशी बोलताना कुणालाच
दुसरा शब्द लागला नाही.
खोटं कुणी बोललं नव्हतं. चहा दिला होता.
बोट उलटली तेव्हा ओढून काठावर घेतलं होतं,
तसे आभार प्रस्तावनेत आहेत.
व्याकरण अचूक होतं. त्यांच्यापुरतं.

बाईंना सांगायचं कसं, यात आठवडा गेला.
वसतिगृहात पेल्मेनी उकळत ठेवून
तुयारा वाक्यं जुळवायची, पुसायची.
शेवटी नुसता हेडफोन पुढे केला.
बाईंनी लोकरी टोपी काढली, केस सारखे केले,
आणि सव्वाचार मिनिटं ऐकलं.
शेवटाला सरांची पावलं परत येतात,
दार, खुर्ची, "हं, कुठे होतो?"
त्या आवाजाशी बाईंनी डोळे मिटले.
मग विचारलं,
मुलाचं नाव ऐकू येतं का कुठे?
नाही.
"पुन्हा लाव."

सोमवारी दुसऱ्या वर्षाचा तास.
तक्ता काढताना खडू चौथ्या घरापाशी थांबला.
बाईंनी घराच्या मधोमध रेघ मारली,
जरा वाकडी आली.
खालचा अर्धा भाग रिकामाच ठेवला.
"इथे काय लिहू?" मागच्या बाकावरून आइसेनने विचारलं.
"शोधायचंय," बाई म्हणाल्या,
आणि त्याला जोडून ते सर्वनाम,
रशियनमधलं, एकुलतं एक.

त्या दोहोंपैकी कोणतं म्हणाल्या
ते माझ्या वहीत अजून
मोकळंच आहे.